बंद रस्त्यावर आईंना घेऊन

माझ्या नवऱ्याला एखादा विषय टाळायचा असला की तो काहीतरी भाड्याने आणतो. मुलगी कॉलेजला गेली आणि घर खायला उठलं तेव्हा मी म्हटलं, जरा बसून बोलू या, तर त्याने गालिचे धुवायचं मशीन आणलं आणि शनिवार-रविवार घरभर फेस केला. मी नोकरी सोडायचा विषय काढला तेव्हा कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, आणली. या वसंतात त्याने तीन चाकांची सायकल आणली. चालवणारा मागे, पुढच्या दोन चाकांच्या मधे एक बाकडं, बाकड्याला पट्टा, पाय ठेवायला फळी, आणि चढावर जोर लावायला बॅटरी. ती गराजमध्ये लावून तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आईला नेऊ या का, आपल्या रस्त्यावर?"

मी तेव्हा सासूबाईंच्या भातात वरण कालवत होते. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण शोधायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी हो म्हटलं.

आपला रस्ता म्हणजे नॉर्थ कॅस्केड्सच्या डोंगरांतून पलीकडे जाणारा हायवे. आम्ही राहतो त्या बॉथेलहून गाडीने दोन-अडीच तास. हिवाळ्यात तिथे डोंगरावरचा बर्फ कोसळून रस्त्यावर येतो, म्हणून फाटक लावून तो बंद करतात. वसंत आला की बर्फ कापायची मोठी मशीन्स आत शिरतात आणि रस्ता मोकळा करत करत घाटमाथ्याकडे सरकतात. या मधल्या काही आठवड्यांत मोठी मजा असते. खालचा डांबरी रस्ता कोरडा ठणठणीत झालेला असतो, पण फाटक अजून लागलेलं असतं. गाड्यांना मज्जाव, सायकलींना आणि चालणाऱ्यांना नाही. कामाच्या दिवशी मशीन्स चालू असतात, त्यामुळे फार पुढे जाता येत नाही. शनिवार-रविवारी ती गप्प उभी असतात आणि अख्खा हायवे सायकलवाल्यांचा.

मी काही मोठी सायकलपटू नाही. बॉथेलच्या रस्त्यांवर सायकलींसाठी पांढरी रेघ मारून ठेवली आहे. तिच्या आत राहायचं आणि कोपराशेजारून पिकअप ट्रक गेला की जीव मुठीत धरायचा, हे मला कधी जमलं नाही. मी नदीकाठच्या वाटेवर चालवते, आणि वर्षातून एकदा या बंद रस्त्यावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कितीतरी वेळ कडेकडेनेच चालवत होते. मागून काही येणार नाही हे डोक्याला पटलं होतं, पण मान सारखी वळून बघत होती. मग केव्हातरी मी मधल्या दुहेरी पिवळ्या रेघेवर आले आणि तिथेच राहिले. खाली हिरवंगार तळं, समोर बर्फाचे सुळके, आणि पन्नाशीला आलेली मी हायवेच्या मधोमध. त्यानंतर आठवडाभर मी घरात कुणावर खेकसले नाही, असं नवरा अजून लोकांना सांगतो.

सासरे गेले आणि सासूबाई नागपूरहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हापासून मात्र आम्ही दोघं एकत्र तिथे गेलेलो नव्हतो. एका वर्षी तो, एका वर्षी मी. दुसऱ्याने घरी आईंजवळ थांबायचं. माझ्या वाट्याच्या वर्षी हटकून पाऊस लागायचा. मी भिजून, गारठून परत यायचे, तो दारातच विचारायचा, "मजा आली?" आणि मी बूट काढता काढता म्हणायचे, "आली." मग तो लगेच अंघोळीला पळायचा, कारण दिवसभर त्याला ती मिळालेली नसायची.

आई नागपुरात महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. पांढरी सुती साडी, मनगटावर मोठ्या डायलचं घड्याळ, आणि कॅरियरला वह्यांचा गठ्ठा बांधलेली काळी सायकल. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "घरात चार माणसं आहेत, काम चौघांचं आहे. तू एकटी मरू नको." अशी सासू नशिबाने मिळते असं मी मैत्रिणींना सांगत आले, आणि त्यात काही खोटं नाही. म्हणूनच हे सगळं मला इतकं जड जातं. वाईट असत्या तर मी कधीच मोकळी झाले असते.

आता त्यांना सकाळची बुद्धवंदना तोंडपाठ आहे, एक अक्षर चुकत नाही. पण वंदना संपली की त्या पुन्हा वंदनेलाच बसतात. शेगडीची बटणं आम्ही काढून ठेवली आहेत. बाहेरच्या दाराला घंटी लावली आहे, कारण शाळेला उशीर झाला म्हणून त्या एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून पार मोठ्या रस्त्यापर्यंत पोचल्या होत्या. आंघोळीला नेताना माझ्या हाताला चावतात, आणि नंतर तोच हात धरून "काय लागलं गं?" म्हणून फुंकर घालतात. दुपारी एक बाई येते, ठाण्यात वाढलेली गुजराती, मराठी छान बोलते. ती असते तेवढा वेळ मी दार लावून काम उरकते. बाकी सगळा दिवस माझा, कारण माझं काम घरून चालतं. बायोटेक कंपनीतले कागद तपासायचे, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायचा, आणि आतून हाक आली की "सॉरी, आय हॅव टु स्टेप अवे" म्हणायचं. नवरा ऑफिसातून आला की हातभार लावतो, नाही असं नाही. पण तो येईपर्यंत माझं अंग मोडलेलं असतं आणि मला हातभार नको असतो, झोप हवी असते.

त्या आठवड्यात बुधवारी फोन आला होता. घरापासून जवळच एक जागा आहे, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठीच काढलेली. तिथे आम्ही मागे आईंचं नाव घालून ठेवलं होतं. नाव घालताना दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नव्हतं. आता तिथे खोली रिकामी झाली होती. रिकामी कशी झाली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर खोली पुढच्या माणसाला जाणार. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू."

'बघू' हा आमच्या घरातला सगळ्यात जुना भाडेकरू आहे. आईंच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की तू म्हण. आणि मी मनात म्हणायचे, मी का म्हणू? मी सून. मी तोंडातून शब्द काढला की नागपूरपासून इकडच्या पिस्कॅटवेपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात तो असाच फिरणार की सुनेनं घालवलं, मुलगा बिचारा काय करणार. आई त्याची, तर शब्दही त्यानेच काढावा. तो काढत नव्हता, कारण मग तो आईला टाकणारा मुलगा झाला असता. असे आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. मी फारच वैतागले की तो म्हणायचा, "मला ती कधी कधी बाबा समजते. पण तुला ओळखते ना अजून? ओळखते तोवर कसं पाठवायचं?" त्या खरंच ओळखायच्या. दिवसभर माझ्याच नावाने हाका चाललेल्या असायच्या.

शुक्रवारी संध्याकाळी, मुलगी आता राहते त्या फ्रीमाँटहून, तिचा फोन आला. तिला सगळं माहीत होतं.

"मॉम, यू साउंड टेरिबल. जस्ट से इट. वन ऑफ यू हॅज टु से इट."

"बाबाला सांग," मी म्हटलं.

"ही सेड टु टेल यू."

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या पुऱ्यांसाठी कणीक भिजवली.

शनिवारी निघालो. तीन चाकांची सायकल आणि माझी साधी सायकल नेण्यासाठी नवऱ्याने अर्थातच एक ट्रकही भाड्याने आणला होता. आई मधे, मी खिडकीशी. पायाशी पुऱ्या, बटाट्याची भाजी, चहाचा थर्मास, आईंचे दोन जोड कपडे, औषधं, ओले रुमाल. वर्षभर मी ज्या दिवसाची वाट बघायचे तो दिवस आला होता आणि मी खिडकीला डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपले. जाग आली तेव्हा आई माझ्या मांडीवर थोपटत होत्या आणि नवऱ्याला सांगत होत्या, "हळू घे रे, झोपली आहे ती."

फाटकापाशी जत्रा होती. गाड्या लावून लोक सायकली उतरवत होते. तंग कपड्यांतले सुकडे म्हातारे, लहान पोरांना सायकलीमागे जोडलेल्या खोपट्यात बसवून ओढणारे आईबाप, एक लंगडं कुत्रंही आलं होतं. आम्ही आईंना स्वेटर, त्यावर जाकीट, कानटोपी असं चढवत नेलं. हेल्मेट घालायला त्या तयार होईनात.

"हे काय तपेलं घालतेस डोक्यावर?"

"सगळ्यांनी घातलंय बघा, आई."

त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं. सगळ्यांनी घातलं होतं. शाळेतल्या बाईंना नियम सगळ्यांना सारखा असला की चालतो. त्या गप्प बसल्या, पर्स मांडीवर घेतली, मी गुडघ्यांवर घोंगडी खोचली आणि पट्टा लावला. नवऱ्याने पॅडल मारलं. बॅटरी बारीक घुं घुं करायला लागली आणि आम्ही फाटकाच्या बाजूने आत शिरलो.

थोडं पुढे गेल्यावर आईंनी मान वळवून विचारलं, "गाड्या कुठे गेल्या सगळ्या?"

"बंद आहे आई, रस्ता," नवरा म्हणाला.

"बंद? कुणाचा बंद?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. किती दिवसांनी, कोण जाणे.

"बंद आहे तर आपण कशाला बाहेर पडलो?" आईंचा आवाज चढला. "दगडफेक झाली म्हणजे? मुलांना घरी सोडलं का?"

"सोडलं आई. केव्हाच सोडलं."

"सगळी पोचली?"

"सगळी पोचली."

मग त्यांनी खांदे सैल सोडले आणि पर्सवर हात ठेवून त्या रस्ता बघायला लागल्या. समोरून उतरणारे सायकलवाले त्यांना पाहून हात करायचे. एक दाढीवाला ओरडून गेला, "बेस्ट सीट इन द हाउस!" आई प्रत्येकाला दोन्ही हात जोडून "जय भीम" म्हणत होत्या, आणि तेही "हाय देअर!" म्हणून पुढे जात होते. दोन्ही बाजू समाधानी होत्या.

मी बाजूने चालवत होते. रस्ता तोच होता. कड्यांवरून बर्फाचं पाणी सुटलं होतं आणि डांबरावरून पट्टे काढत पलीकडे दरीत उतरत होतं. ठिकठिकाणी वरून घरंगळलेले दगड पडले होते, ते चुकवत जायचं. देवदारांचा ओला वास होता. कडेचा बर्फ आधी काळपट, मातकट, बोटभर उंच, मग गुडघ्याएवढा, मग माझ्या हँडलपर्यंत. हे सगळं मी बघत होते आणि मला काहीच होत नव्हतं. चढ येत होता, पाय फिरत होते, छाती भरून येत होती ती फक्त दम लागून. मला स्वतःचा राग आला. वर्षातला एक दिवस मिळाला होता आणि मी तो एखादं काम उरकावं तसा उरकत होते. नवरा मात्र पुढे गुणगुणत होता. बॅटरी असल्यावर कुणीही गुणगुणेल.

खरं सांगायचं तर मला तिथली शांतता सोसवली नाही. घरी वॉशिंग मशीन, पंखा, आईंचा टीव्ही, बाहेरची वाहनं यांच्या आवाजात बोलायचं राहून जातं आणि त्याची सवय होते. इथे काहीच नव्हतं. चेनची टिकटिक, पाण्याचा आवाज, आणि मधे तो सोमवार. मी सायकल त्याच्या शेजारी घेतली आणि इंग्रजीत बोलायला लागले.

ही आमची पद्धत आहे. मुलगी लहान होती तेव्हा तिच्यापासून काही लपवायचं असलं की आम्ही मराठीत बोलायचो. आई आल्यापासून त्यांच्यासमोर बोलायचं नसलेलं सगळं इंग्रजीत बोलतो. आई आमच्या पुढेच, हातभर अंतरावर, पाठमोऱ्या बसल्या होत्या. पण इंग्रजीत बोललं की आपण दुसऱ्या खोलीत गेलो असंच आम्हाला वाटतं.

"वी हॅव टु टेल देम बाय मंडे," मी म्हटलं.

"आय नो."

"सो?"

"लेट्स नॉट डू धिस हिअर, यार."

"मग कुठे करायचं?" मराठी निघून गेलं, मी परत इंग्रजीवर आले. "यू ऑल्वेज से दॅट. आय अ‍ॅम टायर्ड. आय अ‍ॅम सो टायर्ड, आय कान्ट इव्हन एन्जॉय धिस."

"यू थिंक आय अ‍ॅम नॉट?"

"देन से इट. शी इज युअर मदर. आय कान्ट डू धिस एनीमोर."

त्याने बॅटरीचा जोर एक आकडा वाढवला आणि तो पुढे निघून गेला. मी मागे राहिले. भाड्याने आणलेल्या वस्तूचा त्याला असा उपयोग झाला. आईंची कानटोपी घातलेली मान, त्यावरचं हेल्मेट, वळणावर थोडं एका बाजूला कललेलं, मला मागून दिसत होतं. मी रडत होते. वाऱ्याने पाणी येतं डोळ्यांत, असं सांगायची सोय होती, पण विचारायला कुणी नव्हतं.

मग रस्ता संपला. म्हणजे मोकळा केलेला भाग संपला. समोर आडवी, सुरीने कापावी तशी कापलेली बर्फाची भिंत, माणसाच्या वर उंच, आणि तिच्या अलीकडे ते पिवळं मशीन, शनिवारची सुट्टी घेऊन उभं. आणखी पाच-सहा सायकली आडव्या पडल्या होत्या, माणसं भिंतीला पाठ लावून फोटो काढत होती. आम्ही सावली सोडून उन्हात सायकल लावली. मी डबा उघडला. पुऱ्या गार होऊन वातड झाल्या होत्या. आईंनी दोन खाल्ल्या, भाजी दोन्ही पुऱ्यांना बरोबर सारखी वाटून घेतली आणि चहा प्यायल्या. आम्ही दोघंही जेवलो. मग नवरा त्या भिंतीकडे निघून गेला.

मी वाकून आईंचं तोंड पुसलं आणि घोंगडी नीट करायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या दुपारच्या बाईंना शोधताहेत. मी म्हटलं, "त्या आज नाही आल्या, आई."

"तुम्हालाच म्हणते आहे मी. बसा जरा. सारख्या उभ्याच असता."

मी फळीच्या कडेवर टेकले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. नजर अगदी स्वच्छ होती, शाळेच्या ऑफिसात समोरच्या पालकाकडे बघावं तशी.

"माझा मुलगा रागावला का तुमच्यावर?"

मला त्या कधी विसरल्या नव्हत्या. अख्खं नागपूर विसरल्या, सासरे गेल्याचं विसरल्या, मला नाही.

"मला समजतं इंग्रजी," त्या म्हणाल्या. "शाळा चालवली आहे मी. तुमच्यानं आता होत नाही, असं म्हणालात नं त्याला? खोटं नाही ते. मी पाहते नं. धड जेवत नाही तुम्ही, झोपत नाही. तो तसा मनाचा वाईट नाही, पण त्याच्यानं लवकर काही ठरत नाही. लहानपणापासून तसाच आहे. मी सांगते त्याला. तुम्ही जा आता. तुमचीही माणसं असतील नं घरी."

"मग तुमच्याजवळ कोण राहील?" मी विचारलं.

"माझी सून आहे नं," त्या म्हणाल्या. "ती येईल. ती नाही सोडत मला."

नवरा परत आला होता. आईंच्या हातात द्यायला त्याने ओंजळीत बर्फ आणला होता आणि तो तसाच धरून उभा होता. बोटांमधून पाणी गळत होतं. त्याने किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती, त्याच्या चेहऱ्यावर सगळं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. आता हा 'बघू' म्हणाला तर मी इथून चालत सुटेन, या भिंतीच्या पलीकडे कुठेही, असं मला खरोखर वाटलं.

त्याने बर्फ टाकला, पँटला हात पुसले आणि तो आईंसमोर डांबरावर गुडघे टेकून बसला.

"आई," तो म्हणाला. मराठीत. "तुझ्यासाठी एक खोली घेतोय. आमच्या घराजवळच. सोमवारी त्यांना हो म्हणून सांगतोय. तिथे रात्रीसुद्धा माणसं जागी असतात, तुला हाक मारता येईल."

घेऊ या का, असं तो म्हणाला नाही. बोलून झाल्यावर त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. आम्ही दोघांनी ठरवलंय." पलीकडे कुणीतरी फोटोसाठी मोठ्याने हसत होतं.

आईंनी पर्स उघडली, आत काही नव्हतं, ती बंद केली. मग मुलाला काही न विचारता त्या माझ्याकडेच वळल्या.

"मी तिकडे आहे, हे माझ्या सुनेला कळेल नं?"

"कळेल," मी म्हटलं.

"येईल नं ती?"

"येईल."

"रोज येईल?"

हो म्हणणं सोपं होतं. फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्या विसरल्या असत्या. शाळा उद्या आहे, बाबा बाजारात गेलेत, मुलं सगळी घरी पोचली, असं किती काय मी त्यांना रोज सांगते. हे मात्र सांगवेना.

"रोज नाही जमणार तिला," मी म्हटलं. "पण येईल."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तीही दमत असेल नं."